शदलिया खाला आणि बासष्ट टक्के

शदलिया खालाच्या भुवया हलत नसत. समोरचा माणूस काहीही बरळला तरी तिचा चेहरा कोरा तो कोराच. बावीस वर्षं तिने ऐन-सफ्साफच्या पोस्टात टेलिफोन जोडून दिले होते. अख्ख्या गावाचं रडणं, भांडणं आणि लग्नं ठरणं तिच्या कानावरून गेलं, पण त्यातला एक शब्द बाहेर फुटला नाही. पुढे यंत्रं आली, तिची खुर्ची गेली, आणि ट्युनिसच्या एका सर्वेक्षण कंपनीने तिला नेमकं या गुणासाठी कामावर घेतलं. दर सातव्या घराचं दार वाजवायचं, प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा, उत्तरावर खूण करायची. पुढे काही बोलायचं नाही, हसायचं नाही, मान डोलवायची नाही.

मी लमजद. आमच्या गावच्या रेडिओ हदबावर आवाजाची बटणं सांभाळतो. त्या हिवाळ्यात खाला माझ्या मामाच्या घरी आली तेव्हा मी तिथेच पुदिन्याचा चहा पीत बसलो होतो. गावाला कित्येक वर्षांनी स्वतःची नगरपालिका निवडायला मिळणार होती, उमेदवारांच्या दोन मोठ्या याद्या रिंगणात होत्या, जैतून आणि कंदील, आणि सगळीकडे तोच विषय होता. मतचाचण्या छापायला बंदी लागण्याआधी कंपनीला आमच्या भागाचा कल हवा होता.

खालाने प्रश्न वाचला. "रेडिओ हदबा निवडणुकीच्या बातम्या देताना कुणाची बाजू घेतो, असं तुम्हाला वाटतं का?"

"वाटतं काय, उघड घेतो," मामा म्हणाले.

"कुणाची?"

"कंदीलवाल्यांची. आणखी कुणाची?"

"‘सकाळचा चौक’ हा कार्यक्रम तुम्ही किती वेळा ऐकता? रोज, कधीमधी, की कधीच नाही?"

"मी कशाला ऐकू? आमचा रेडिओ बंद पडून दोन वर्षं झाली."

चहा माझ्या नाकात गेला. खालाने ‘कधीच नाही’वर खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. दारापर्यंत तिला सोडायला गेलो तेव्हा मला राहवेना.

"खाला, असलं उत्तर लिहून घेतलंस?"

"का नको? तो खोटं कुठे बोलला? प्रश्न आहे ‘वाटतं का’. त्याला वाटतं," ती म्हणाली आणि पुढची सहा घरं सोडून सातव्याकडे निघाली.

तीन आठवड्यांनी ट्युनिसच्या एका वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मथळा आला: ऐन-सफ्साफचे बासष्ट टक्के लोक म्हणतात, रेडिओ पक्षपाती.

त्या दिवशी आमच्या चौकात जे झालं ते मी स्टुडिओच्या खिडकीतून पाहिलं. कॅफेच्या एका टोकाला सी तिजानी खुर्चीवर उभे होते. त्यांचं औषधांचं दुकान. गावात त्यांच्या नावाआधी मानाचं ‘सी’ लावल्याशिवाय कुणी बोलत नाही. जैतून यादीचे ते पहिले उमेदवार. वर्तमानपत्र फडकावून ते सांगत होते, "जनतेने ओळखलंय. हा रेडिओ कंदीलवाल्यांनी खिशात घातलाय." आणि चौकाच्या दुसऱ्या टोकाला, पन्नास पावलांवर, कंदील यादीच्या प्रमुख वकीलबाई रौदा तेच वर्तमानपत्र, तेच पान उंच धरून सांगत होत्या, "बासष्ट टक्के. हा रेडिओ जैतूनवाल्यांचा भोंगा आहे, हे आता आकड्यांनी सिद्ध झालंय." दोन्हीकडे टाळ्या पडत होत्या. मधल्या टेबलांवरचे लोक मान कधी इकडे, कधी तिकडे वळवत होते.

संध्याकाळी रेडिओच्या विश्वस्तांची बैठक झाली. ‘सकाळचा चौक’ पुढच्या सोमवारपासून निवडणूक होईपर्यंत बंद. हा कार्यक्रम चालवणारे सी हशमी माझ्या खोलीत येऊन बसले. सहा वर्षं त्यांनी रोज सकाळी सातला गाव जागं केलं होतं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "लमजद, शंभरातली बासष्ट माणसं. मी आता भाजी आणायला तरी कसा जाऊ?"

मी चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला आली. काखेत कागदांचा गठ्ठा, आणि पायऱ्या दोन-दोन करून चढल्यामुळे धाप लागलेली. छप्पन्न वर्षांच्या बाईला मी इतक्या घाईत कधी पाहिलं नव्हतं.

"हशमी कुठाय? बोलाव त्याला. आणि पेन्सिल दे."

कंपनीने पूर्ण अहवाल आपल्या संकेतस्थळावर टाकला होता. चाळीस पानी. खालाने भाचीच्या दुकानातून तो छापून आणला होता आणि आदल्या संध्याकाळपासून तेवढाच वाचत होती. "मथळा पहिल्या पानावरचा आहे," ती म्हणाली. "एकोणिसाव्या पानापर्यंत कुणी गेलेलंच नाही."

एकोणिसाव्या पानावर एक तक्ता होता. सी हशमींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "शदलिया, मला यात नुसत्या मुंग्या दिसतात."

"बस इथे. बघ. आम्ही चारशे लोकांना विचारलं. रेडिओ बाजू घेतो, असं म्हणणारे दोनशे अठ्ठेचाळीस. झाले तुझे बासष्ट टक्के. आता हेच लोक वेगळे काढू. जैतूनला मत देणार म्हणाले ते एकशे तीस. त्यातले शंभर म्हणतात, रेडिओ बाजू घेतो. कुणाची? शंभरातले एक्क्याण्णव म्हणतात, कंदीलची."

"आणि कंदीलवाले?" मी विचारलं.

"एकशे वीस. त्यातले चौऱ्याण्णव म्हणतात, बाजू घेतो. कुणाची? पंच्याऐंशी जण म्हणतात, जैतूनची."

 मग सी हशमी इतक्या जोरात उठले की खुर्ची मागे कलंडली.

"म्हणजे दोघंही म्हणतात, मी दुसऱ्याचा."

"हो. एकच कार्यक्रम, एकच तू. मथळ्यात त्या दोघांची बेरीज केली. तिजानी आणि रौदा काल एकमेकांचीच माणसं स्वतःच्या बाजूने मोजत होते." तिची पेन्सिल आता थांबायला तयार नव्हती. "आणखी बघ. रोज ऐकणारे एकशे दहा, त्यातले बाजू घेतो म्हणणारे चव्वेचाळीस. म्हणजे चाळीस टक्के. कधीच न ऐकणारे एकशे साठ, त्यातले म्हणणारे एकशे वीस. पंच्याहत्तर टक्के. जितकं कमी ऐकतात तितकी खात्री जास्त."

मला मामा आठवले.  कालपासून तोच आकडा दगडासारखा डोक्यात बसला होता आणि या बाईने तो पाच मिनिटांत फोडून टेबलावर पसरला होता.

सी हशमींनी तिचे दोन्ही हात धरले. "शदलिया, तू मला वाचवलंस. मी निर्दोष आहे."

"तसं मी म्हटलेलं नाही."

"अगं पण आत्ताच तर..."

"दोन्हीकडचे तुझ्यावर चिडलेत, एवढंच या कागदावरून कळतं. तू बरोबर आहेस, हे नाही कळत. दोघांच्या बाबतीत चुकणारा माणूसही असू शकतो. आणि हा रकाना बघ." तिने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "अजून मत ठरलं नाही म्हणणारे दीडशे. त्यातले चोपन्न म्हणाले, बाजू घेतो. वीस म्हणाले जैतूनची, एकोणीस म्हणाले कंदीलची. उरले पंधरा. ते ‘इतर’मध्ये आहेत. इतर म्हणजे काय, ते अहवालात लिहिलेलं नाही. पण त्यातली बरीच उत्तरं मी माझ्या हाताने लिहून घेतलीत. वरच्या वस्त्यांतली माणसं आहेत ती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, रेडिओ गावाची बाजू घेतो. खालच्या गावाची."

सी हशमींनी हात सोडले. आमच्या गावाच्या वर डोंगरात सात वस्त्या आहेत. त्यांची मतं आमच्याच नगरपालिकेत. त्यांनीही ‘झरा’ नावाची एक यादी उभी केली होती, पण तिचं नाव ना चौकात कुणी घेत होतं, ना कंपनीच्या प्रश्नावलीत होतं.

"पंधरा माणसं ही काही गणती नाही," सी हशमी म्हणाले.

"बरोबर. पंधरा जणांवरून मी डोंगराचं मत सांगणार नाही. पण मोजता येईल ना? लोकांना काय वाटतं ते माझ्याकडे आहे. तू प्रत्यक्षात काय केलंस ते लमजदकडे आहे."

माझ्याकडे गेल्या सहा आठवड्यांचं सगळं रेकॉर्डिंग होतं. तीस कार्यक्रम, आठवड्याचे पाच. आम्ही तिघांनी ते वाटून घेतले आणि तीन दिवस, दुपारपासून दिवे लागेपर्यंत, कानाला हेडफोन लावून बसलो. कोण बोललं, कुणाबद्दल, किती मिनिटं. माझी आई शोरबा आणि भट्टीतली गरम ताबूना रोटी पाठवायची, आम्ही एका हाताने खायचो, दुसऱ्या हाताने घड्याळ दाबायचो. मधूनच सी हशमी ओरडायचे, "अरे, हे माझं वाक्य किती लांबलंय, थांबवा कुणीतरी." खाला त्यांच्याकडे न बघता म्हणायची, "सेकंद लिही."

तिसऱ्या दिवशी बेरीज झाली. जैतून, दोनशे एकतीस मिनिटं. कंदील, दोनशे चोवीस. फरक सात मिनिटांचा, तोही सहा आठवड्यांत. मी टाळी वाजवली. मग खालाने तिसरा आकडा वाचला.

"झरा यादी आणि वरच्या वस्त्या मिळून, नऊ मिनिटं. त्यातली सहा बर्फाने रस्ता बंद झाला त्या दिवशीची."

सी हशमींनी कागद स्वतःकडे ओढून आकडा पुन्हा वाचला. त्यांचे कान लाल झाले होते. शेवटी म्हणाले, "वरून कुणी कधी फोनच केला नाही."

"वर फोन लागतो कुठे? बावीस वर्षं जोडून देत होते, मला माहीत आहे."

"हे सगळं रेडिओवरून हवेत सांगायचं?"

"तुझी बाजू सांगायची असेल तर हेही सांगायचं. अर्धा तक्ता मी वाचणार नाही."

सी हशमींनी शुक्रवारचा, म्हणजे शेवटचा कार्यक्रम खालाला दिला. सी तिजानी आणि रौदा दोघांनाही बोलावणं गेलं, आणि दुसरा येतोय म्हटल्यावर दोघंही आले. मी काचेच्या अलीकडे होतो.  खिडकीतून दिसत होतं, कॅफेवाल्याने रेडिओ बाहेर टेबलावर आणून ठेवला होता आणि लोक कोंडाळं करून उभे होते.

खालाने आकडे सांगितले. स्पष्ट, सावकाश, जशी ती दारात प्रश्न वाचते तशी. जैतूनचे एक्क्याण्णव तिने सांगितले तेव्हा सी तिजानींनी विजयी मान डोलावली. लगेच कंदीलचे पंच्याऐंशी आले आणि मान तिथेच अडकली.

"हे आकड्यांचे खेळ आहेत," ते म्हणाले. "मी स्वतः ऐकतो. गेल्या रविवारीच या हशमींनी वकीलबाईंना वीस मिनिटं दिली."

"सी तिजानी," हशमी शांतपणे म्हणाले, "रविवारी कार्यक्रम नसतो. रविवारी आम्ही गाणी लावतो."

बाहेरून हशा इतका मोठा आला की माइकमध्ये पकडला गेला. मी आवाज कमी केला नाही. वकीलबाई खूश होऊन पुढे सरकल्या. पण बाई हुशार होत्या, त्यांनी नेमकी दुखरी जागा पकडली.

"खाला, आम्ही दोघं चिडखोर आहोत असं धरून चालू. पण ज्यांचं मत ठरलेलं नाही त्यांच्यातलेही छत्तीस टक्के म्हणतात ना, बाजू घेतो? त्यांना कशाचा राग?"

"चांगलं विचारलंस, पोरी," खाला म्हणाली, आणि गावच्या सर्वांत तिखट वकीलबाईला पहिल्यांदाच कुणीतरी हवेत पोरी म्हटलं. "चोपन्न जण. त्यातले वीस म्हणतात जैतूनची बाजू, एकोणीस म्हणतात कंदीलची. उरले पंधरा, त्यातले बरेच म्हणतात, खालच्या गावाची. म्हणजे तुम्हा दोघांची."

"दोघांची म्हणजे?"

मग खालाने मिनिटं वाचली. दोनशे एकतीस. दोनशे चोवीस. नऊ. नऊ म्हणताना ती थांबली, आणि ती शांतता मी तशीच जाऊ दिली. रेडिओवर चार सेकंद फार मोठे असतात.

सी हशमी माइककडे वाकले. "ही चूक माझी. मी तराजूची दोन पारडी बघत बसलो. तिसरं माणूस दुकानात उभं आहे, हे मला दिसलं नाही."

 सी तिजानी खिशातला रुमाल शोधू लागले. आणि तेवढ्यात फोनचा दिवा लागला. आवाज फुटत होता, मागे वारा आणि शेळ्या.

"मी मबरूका बोलतेय. झरा यादीची. फोन लागावा म्हणून टेकडीच्या टोकावर चढून उभी आहे, तेव्हा मला थांबवू नका." मबरूका वर रोजमेरीचं तेल काढते. बाजारात सगळे तिला ओळखतात, पण उमेदवार म्हणून तिचा आवाज गावाने पहिल्यांदाच ऐकला. "मला एवढंच विचारायचंय. ती नऊ मिनिटं म्हणालात, त्यात हा माझा फोन धरलाय का?"

"नाही," सी हशमी म्हणाले.

"मग आता धरायला सुरुवात करा," ती म्हणाली, आणि पाणी, दवाखाना आणि शाळेच्या गाडीबद्दल बोलत सुटली. घड्याळ दाबायला मी विसरलो नाही. अकरा मिनिटं. सहा आठवड्यांपेक्षा जास्त. बाहेर कॅफेत लोक खुर्च्यांवर चढून ऐकत होते. मला उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. काचेपलीकडे खालाचा चेहरा तसाच कोरा होता, पण टेबलाखाली तिचा पाय एकसारखा हलत होता.

विश्वस्तांनी बंदी मागे घेतली. अट एकच, दर शनिवारी आठवड्याची मिनिटं हवेत वाचून दाखवायची. सी हशमींनी ती आनंदाने मान्य केली.

सोमवारी ट्युनिसहून खालाला फोन आला. प्रश्न विचारणाऱ्याने निष्कर्षांवर जाहीर बोलायचं नाही, असं कंपनीच्या करारात लिहिलेलं होतं. तक्ता सगळ्यांसाठी उघडा होता, पण ‘इतर’ म्हणजे काय ते उघडं नव्हतं. तिचं नाव यादीतून काढलं. मला फार वाईट वाटलं, मी कंपनीला दोन शिव्या दिल्या.

"शिव्या कशाला? नियम बरोबर आहे, सही मी केली होती," ती म्हणाली. "उद्या एखादी बाई लोकांची नावंसुद्धा सांगत सुटेल. मी बोलले, कारण बोलल्याशिवाय राहवेना. त्याचं जे व्हायचं ते झालं." पण पुढचे कित्येक दिवस सकाळी नऊ वाजता ती सवयीने कोट घालून दारात यायची, आणि जायला कुठे नाही म्हणून पावाच्या दुकानापर्यंत जाऊन परत यायची. ते मी पाहिलंय.

निवडणूक झाली. अठरा जागांपैकी जैतूनला आठ, कंदीलला सात, झऱ्याला तीन. कुणालाच एकट्याने कारभार करता येईना, आणि सी तिजानी आणि वकीलबाई दोघंही टेकडी चढून मबरूकाच्या अंगणात चहा प्यायला गेले. ती वार्ता आम्ही दिली, दोघांना सारखी मिनिटं देऊन.

शनिवारची मिनिटं वाचायला आम्ही खालालाच बसवलं. हळूहळू लोक तिला चौकात अडवायला लागले. कुणी वर्तमानपत्र घेऊन यायचं, "खाला, हे सत्तर टक्के कुणाचे?" ती विचारायची, "किती जणांना विचारलंय? कुठल्या? प्रश्न काय होता?" मग तेच प्रश्न न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये ऐकू येऊ लागले. मामांनी नवा रेडिओ घेतला. आजही त्यांचं म्हणणं तेच आहे, पण आता ते दिवस आणि वेळ सांगून भांडतात.

हिवाळा परत आला तेव्हा रेडिओनेच खालाला एक छोटं सर्वेक्षण करायला सांगितलं. दोनशे माणसं, या वेळी वरच्या सातही वस्त्या धरून. तिने दोन शेजारणींना शिकवून तयार केलं, भुवया न हलवण्याचा सराव आरशासमोर करून घेतला, आणि तिघी महिनाभर दारं वाजवत फिरल्या. आकडे आले त्या सकाळी सी हशमी माझ्या खोलीत येरझारा घालत होते. वर्षभर मिनिटं मोजली होती. मबरूका आता महिन्यातून दोनदा स्टुडिओत येत होती.

"बोल, शदलिया. बाजू घेतो म्हणणारे किती?"

"अठ्ठावन्न टक्के."

त्यांचा चेहरा पडला. "वर्षभर एवढं करून चारच टक्के कमी?"

"कमी झाले, असं म्हणू नकोस. दोनशे जणांत चार-पाच टक्के इकडे-तिकडे सहज होतात."

"म्हणजे काहीच बदललं नाही?"

"तेही म्हणू नकोस."

"मग मी हवेत म्हणू तरी काय?"

"अठ्ठावन्न म्हण. दोनशे जणांना विचारलं म्हण. कमी झालं की नाही, ते इतक्या लोकांवरून सांगता येत नाही म्हण."

सी हशमींनी माझ्याकडे पाहिलं, मी बटणाकडे पाहिलं. मग त्यांनी हेडफोन चढवला, घसा साफ केला, आणि गावाला अगदी तसंच सांगितलं.